पीपीके: दिसते छान, चावते मात्र रोज

वाल्थर पीपीके ही छोटी पिस्तूल देखणी आहे, हे १९३१ पासून सगळे सांगतातच. सपाट, सुमारे ६०० ग्रॅमची, खिशात कळतही नाही. मग तिने फाडलेल्या कातड्याबद्दल कुणीच का बोलत नाही?

मुठीच्या वर मागे आलेला धातूचा ओठ, म्हणजे टँग, आखूड आहे. पकड उंच धरली की अंगठा आणि तर्जनीमधलं मांस वर येतं आणि मागे येणारी स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, त्यावर दोन समांतर ओरखडे काढते. मांसल हात असेल तर सरळ रक्त. पकड खाली घेतली तर नळी जास्त उसळते आणि करंगळीला आधार उरत नाही.

वर ही साधी ब्लोबॅक, म्हणजे गोळीच्या धक्क्यानेच स्लाइड मागे जाते. नळी फ्रेमला पक्की, स्लाइडला अडवून धरणारं कुलूप नाही. सगळा भार स्लाइडच्या वजनावर आणि नळीभोवतीच्या स्प्रिंगवर. म्हणून स्प्रिंग कडक, स्लाइड ओढताना बोटं भरून येतात. पॉइंट ३८० मापाच्या गोळीचा धक्का तर एवढ्याशा गोळीच्या मानाने फारच टोकदार. पहिली गोळी डबल अ‍ॅक्शनची, म्हणजे ट्रिगरनेच घोडाही मागे ओढायचा, ट्रिगर इतका जड की नेम ढळतो. दुसरीला एकदम हलका. बाहेर स्लाइड सोडायचा खटका नाही, मॅगझिन बदललं की स्लाइड हातानेच मागे ओढा.

२००२ पासून अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने बनवलेल्या पिस्तुलांत टँग लांब केला. म्हणजे दोष ठाऊक होता! तरी नवख्याला सल्ला काय, तर "सवय होईल". अहो, त्याला निदान लांब टँगची, कमी धक्क्याच्या पॉइंट ३२ मापाची बघ म्हणून सांगा.