‘पाच मिनिटांत वायफाय दुप्पट’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतो: "नेट स्लो? कंपनीला फोन करू नका, पाच मिनिटांत वेग दुप्पट." त्यात पाच उपाय आहेत. अँटेनामागे फॉइल लावा, नेहमी ‘५जी’ नावाचंच नेटवर्क वापरा, रेंज नसलेल्या खोलीत रिपीटर (वायफायचा सिग्नल घेऊन पुढे पाठवणारा डबा) लावा, रोज रात्री राउटर बंद करा, आणि नेटवर्कचं नाव लपवा म्हणजे शेजारी नेट वापरणार नाहीत. पण नेट नेमकं कुठे अडतंय, हे आधी तपासायला मेसेज सांगतच नाही. तिथेच लोकांचे पैसे वाया जातात.

तपासणी सोपी आहे. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, लॅन केबलने तो थेट राउटरला जोडा आणि स्पीड टेस्ट घ्या. मग केबल काढा, वायफाय चालू करा आणि तीच टेस्ट राउटरपासून दोन मीटरवर आणि शेवटी अडचणीच्या खोलीत घ्या. प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि केबलवरच ९४-९५ येत असतील, तर वायफायला दोष देऊ नका. तो आकडा म्हणजे जोडणी १०० वर अडकल्याची खूण. मग एक तर राउटरचं किंवा लॅपटॉपचं पोर्टच १०० चं असतं, नाहीतर केबलमध्ये खोट असते. केबलच्या टोकाचा पारदर्शक कनेक्टर उजेडात धरून बघा. आत आठ रंगीत तारा हव्यात: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. कित्येकदा पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी या चारच जागा भरलेल्या दिसतात. चार तारांवर १०० चालतं, गिगाबिटला (म्हणजे १००० एमबीपीएसला) आठही लागतात. आठही असून वेग अडत असेल, तर एखादी तार आतून तुटलेली असू शकते. स्वस्त केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. ब्लेडने तार खरवडली की आतून पांढरी चकाकते. दाराच्या फटीत ती चार वेळा वाकली की गेली.

फॉइलबद्दल थोडक्यात: धातू लहरी परतवतो. एका बाजूला जे वाढतं ते दुसऱ्या बाजूने काढून घेतलेलं असतं. त्यापेक्षा राउटर टीव्हीमागून, लोखंडी कपाटाजवळून किंवा आरशामागून हलवा आणि घराच्या मध्याला छातीएवढ्या उंचीवर ठेवा. उभा अँटेना आडवा पसारा देतो, टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी असतो. सिडकोत वर मजले चढवलेल्या घरांत राउटर खाली आणि अभ्यासाची खोली बरोबर त्याच्या डोक्यावर असेल, तर एक अँटेना आडवा करा.

‘५जी’चा गोंधळ नावामुळे होतो. मोबाइलच्या ५जीशी त्याचा संबंध नाही, तो ५ गिगाहर्ट्झचा बँड आहे. वेग जास्त, पण भिंत ओलांडताना जास्त क्षीण होतो. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत तो शेजारच्या खोलीतही धड पोहोचत नाही. राउटरच्या खोलीत ५, दोन भिंतींपलीकडे २.४, असं धरून चला. २.४ बंद तर मुळीच करू नका, कारण बरेच कॅमेरे आणि स्मार्ट प्लग तेवढ्यावरच चालतात. पाथर्डी फाट्याच्या टॉवरांत यादीत वीस-पंचवीस नेटवर्कं दिसतात. तिथे राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ वर चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि १, ६ किंवा ११ यांतला मोकळा चॅनल निवडा. ३ किंवा ८ घेतला तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी टक्कर होते.

सगळ्यात महागात पडतो तो रिपीटर. रेंज नसलेल्या खोलीत त्याला स्वतःलाच रेंज मिळत नाही. फोनवर दांड्या पूर्ण दिसतात आणि व्हिडिओ मात्र फिरत राहतो. वायफाय ॲनालायझर ॲपमध्ये जिथे सिग्नल उणे ६५ डीबीएमच्या (सिग्नलचं माप; शून्याच्या जितकं जवळ तितका सिग्नल चांगला) आसपास येतो, तिथे, म्हणजे मधल्या वाटेवर तो लावायचा असतो. उणे ८० ला काही उपयोग नाही. शिवाय एकाच बँडवर घेणं आणि देणं चालल्याने वेग साधारण निम्मा होतो. जमेल तिथे कॅट-६ केबल ओढा आणि जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलने आलेलं नेट फक्त वायफायवर देणारा डबा म्हणून, लावा. तो आधी एकटाच लॅपटॉपला जोडा. पहिल्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, नाव आणि पासवर्ड तेच ठेवा, चॅनल वेगळा घ्या. मग केबल पहिल्याच्या लॅनमधून याच्या लॅनमध्ये, वॅन पोर्ट (एरवी बाहेरून नेट जिथे येतं ते) रिकामं. डीएचसीपी चालू राहिला की काही फोन ‘कनेक्टेड’ दाखवतात पण नेट येत नाही, कारण त्यांना बाहेरच्या वाटेचा पत्ता चुकीचा मिळतो. वॅनला जोडलं तर घरात दोन नेटवर्कं होतात आणि खालचा फोन वरच्या प्रिंटरला शोधत बसतो. राउटरच्या मेनूमध्येच ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तोच निवडा, ही जुळणी तो स्वतः करतो.

रोज रात्री बंद करण्याने नुकसान नाही. पण रोज रीस्टार्टशिवाय चालतच नसेल, तर मे महिन्यात बंद माळ्यावर राउटर तापतो का ते बघा. ॲडॉप्टरही बघा. राउटरवर १२ व्होल्ट, १.५ ॲम्पिअर लिहिलं असेल आणि ॲडॉप्टर ०.५ चा असेल, तर लोड आला की तो आपोआप रीस्टार्ट होतो. फायबरच्या डब्यावर लॉसचा (एलओएस, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लागला असेल तर दोष वायफायमध्ये नाही, फायबरच्या लाइनमध्ये आहे. तेव्हा मेसेजचं ऐकू नका, कंपनीलाच फोन करा.

नाव लपवल्याने चोरी थांबत नाही. आपला फोन जोडला जाताना ते नाव हवेत जातंच, उलट लपलेल्या नेटवर्कला शोधत फोन बाहेरही ते नाव पुकारत फिरतो. सुरक्षा डब्ल्यूपीए२-एईएस किंवा डब्ल्यूपीए३ वर ठेवा. पासवर्ड किमान बारा अक्षरांचा, मोबाइल नंबर नको, कारण दहा आकडे मशीन चटकन तपासून संपवते. डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा: त्याचा आठ अंकी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, म्हणून जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ पासून उघड आहे. पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क द्या, आणि राउटरच्या सेटिंगचा मूळ ‘ॲडमिन’ पासवर्ड आजच बदला.