घाट शिकायचाय? आधी मागचं चक्र मोजा

कोल्हापुरात सायकलवरून घाट चढायचा म्हटलं की पहिला सल्ला तालमीतला मिळतो. बैठका वाढव, मांड्या कमव. मांड्या कमवाव्यातच. पण पन्हाळ्याच्या चढाला निम्म्यात उतरून सायकल ढकलणाऱ्यांपैकी बहुतेकांचं दुखणं मांड्यांत नसतं, गिअरमध्ये असतं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून सायकल उलटी करून आधी दाते मोजा.

पुढचं लहान चेनव्हील, म्हणजे पायडलजवळचं दातेरी चक्र, ३४ दात्यांचं आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र २८ दात्यांचं असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक जवळजवळ सव्वा फेरा फिरतं. रोड सायकलच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. मिनिटाला ७० फेरे मारायचे तर तुम्हाला तासाला जवळपास ११ किलोमीटरनं चढावंच लागतं. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो, चढ ६ टक्क्यांचा, म्हणजे १०० मीटरला ६ मीटर, असं धरलं तर त्याला अंदाजे १७० वॅट लागतात. नवख्या माणसाला एवढं फार वेळ झेपत नाही. मग फेरे ७० वरून ४५ वर येतात, प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर जोर पडतो आणि दम जायच्या आधी पाय भरून येतात. मागे ३४ चं चक्र असेल तर तेच ७० फेरे पावणेनऊच्या वेगात बसतात आणि काम १४० वॅटवर भागतं. माणूस तोच, चढ तोच.

हायब्रिडला, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांना चालणाऱ्या सायकलला, पुढे ४८-३८-२८ अशी तीन चेनव्हील असतील तर काहीच बदलू नका. २८ चं लहान चेनव्हील चढासाठीच दिलेलं असतं. ते वापरायला लाजणारी माणसं बघून वाईट वाटतं. मागे सात गिअरचं आट्यांचं फ्रीव्हील, म्हणजे फिरवून बसवायचा चक्रांचा संच, असेल तर १४-३४ चं मिळतं. रोड सायकलची कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, बदलताना मात्र मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) किती दात्यांपर्यंत चालतो ते आधी विचारा. मोठ्या चक्राला चेनही लांब लागते. जुनीच आखूड चेन ठेवली आणि चुकून पुढचं मोठं आणि मागचं मोठं एकत्र पडलं, तर डिरेलर ताणून वाकतो. काम झाल्यावर दुकानातच मागचं चाक उचलून धरा, सगळ्यात मोठ्या चक्रावर चेन न्या, हातानं पायडल फिरवत डिरेलर आत ढकलून बघा. चेन चक्राच्या पलीकडे आऱ्यांकडे सरकत असेल तर डिरेलरवरचा ‘एल’ लिहिलेला स्क्रू आवळायचा राहिलाय. हे घाटात कळलं तर आरेही तुटतात आणि डिरेलरही जातो.

हलका गिअर चढ लागायच्या आधी टाका. चढात टाकावाच लागला तर अर्धा फेरा पाय हलका सोडा, मग लिव्हर दाबा. जोर लावून पुढचं चेनव्हील बदललं की चेन खाली पडते.

सीटची उंची बघायला टाच पायडलवर ठेवा. पायडल खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. गुडघा पुढून दुखला तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखला तर वर.

चढाच्या पहिल्या दहा मिनिटांत मागं पडायची तयारी ठेवा. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच दम लागू द्या. हँडल सैल धरा. खांदे आवळले की श्वास उथळ होतो. चार-पाच मिनिटांनी एक-दोन गिअर जड करून अर्धा मिनिट उभं राहून चालवा, पाठ मोकळी होते. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, एप्रिल-मे मध्ये त्याहून जास्त, चिमूटभर मीठ घालून. भूक लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला एक केळं किंवा सुपारीएवढे गुळाचे दोन खडे आणि मूठभर शेंगदाणे.

आता जागा. शिकायला जोतिबा आणि पन्हाळाच. पन्हाळा सुमारे २० किलोमीटरवर, शहरापेक्षा साधारण ४०० मीटर उंच. केर्लीपर्यंत अंग गरम होतं, वाघबीळपासून वर चढाचा अभ्यास होतो, आणि थकलात तर घर उताराला आहे. जोतिबाला रविवार आणि पौर्णिमा टाळा. गर्दी असतेच, शिवाय रस्त्यावरचा गुलाल तेलकट चेनला धरतो आणि त्याचा चिखल होतो. कोरड्या फडक्यानं पुसून नवं तेल दिल्याशिवाय ती चेन वापरू नका.

पहिल्याच महिन्यात गगनबावड्याहून करूळ घाट करायला निघणाऱ्यांची मला काळजी वाटते. कळे, साळवण करत ५५ किलोमीटर जायचं, मग घाट उतरून कोकणात. म्हणजे चढ येतो तो परतताना, भर दुपारी, दमट उकाड्यात, पाय आधीच थकलेले असताना. भुईबावडा, फोंडा, आंबा, आंबोली, सगळ्यांचं हेच गणित. पन्हाळा न थांबता सलग दोनदा चढता आला की मग या घाटांकडे वळा, आणि पहिल्या वेळी अर्धाच घाट उतरून मागं फिरा.

उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका. रिम तापते, ट्यूब फुटू शकते. डिस्क असेल तर पकड सुटते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून वेग कमी करा, वळणात सोडा, वजन मागं ठेवा. पावसाळ्यात ओली रिम पहिले काही फेरे पकडतच नाही, म्हणून वळणाच्या बऱ्याच आधी हलकं दाबून पाणी पुसून घ्यायचं. धुक्यात मागचा लाल दिवा दिवसासुद्धा चालू हवा. निघायच्या आदल्या रात्री ब्रेक शूवरच्या खाचा बघा. बुजल्या असतील तर शू बदलूनच निघा.