माळ्यावरची बंदूक : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

शस्त्रनोंदणीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्याहून सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं असं, की गुन्हेगार नोंदणीला कधी जात नाही. यादीत नाव चढतं ते रानडुकरांपासून बागायत राखणाऱ्या शेतकऱ्याचं. त्यामुळे यादीचा खटाटोप सोडून सरकारनं सीमा बंद कराव्यात.

तुमचा राग रास्त आहे. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करा, निकालानंतर परत आणा, आणि तेवढ्यात काजूच्या हंगामात बाग उघडी. कोणाचं शस्त्र जमा करून घ्यायचं हे छाननी समितीनं प्रकरण पाहून ठरवायचं असतं. सरसकट सगळ्यांना बोलावून घेणं मलाही अन्याय वाटतो.

पण सीमा म्हणजे नेमकी कुठली? गोवा पोर्तुगिजांकडे होता तोवर, म्हणजे 1961 पर्यंत, पत्रादेवी खरोखरची सीमा होती. 15 ऑगस्ट 1955 रोजी तिथंच पोर्तुगिजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. आज पत्रादेवी, केरी, मोलें, पोळें हे दोन राज्यांमधले नाके आहेत. चोर्ला घाटातून बेळगावची भाजी येते. प्रत्येक टेंपो उपसायचा म्हटलं तर ती बाजारात पोचायची कधी? शिवाय गावठी कट्टा परदेशातून येतच नाही. तो बिहारमधल्या मुंगेरसारख्या ठिकाणी, देशातच तयार होतो. त्याला देशाची सीमा ओलांडावी लागत नाही.

समुद्राचं वेगळं. 1993 साली मुंबईच्या स्फोटांआधी शस्त्रं आणि आरडीएक्स रायगडच्या दिघी आणि शेखाडी इथं उतरलं, आणि त्या प्रकरणात कस्टमचे अधिकारीही दोषी ठरले. किनाऱ्यावरचा पहारा कडक हवाच, यात आपलं दुमत नाही. मात्र उद्या एखाद्या नाक्यावर कारखान्यात बनलेली बंदूक सापडली, तर तिच्यावरचा क्रमांक कोणाच्या नावावर होता, ती कुठून सुटली, हे नाक्यावरच्या हवालदाराला कोण सांगणार? नोंद नसेल तर तपास तिथंच थांबतो.

नोंदी पूर्वीही होत्या, पण त्या जिल्ह्याजिल्ह्याच्या वह्यांत. जम्मू-काश्मीरमध्ये 2012 ते 2016 या काळात अडीच लाखांहून जास्त परवाने अपात्र लोकांना दिले गेले, असं सीबीआयचं म्हणणं आहे. एका जिल्ह्याची वही दुसऱ्याला दिसत नसेल तर असं होणारच. म्हणूनच आता प्रत्येक परवानाधारकाला देशभर एकच ओळख क्रमांक मिळतो. न्यूझीलंडसारख्या चहूबाजूंनी समुद्र असलेल्या देशानं 1983 साली साध्या बंदुकांची नोंद सोडून फक्त माणसाचा परवाना ठेवला होता. 2019 मध्ये तिथल्या ख्राइस्टचर्च शहरात मशिदींवरच्या गोळीबारात 51 माणसं मारली गेली, आणि जून 2023 पासून तिथं बंदूकन् बंदूक पुन्हा नोंदवून घेतली जाते आहे.

आता घरचं सांगते. माझे मामा वारले तेव्हा त्यांची एकनळी माळ्यावर होती. बारावं झालं, वर्षश्राद्ध झालं, बंदुकीची आठवण कोणालाच नाही. नूतनीकरणाची तारीख उलटून गेली तरी कुठूनही विचारणा आली नाही. दुसऱ्या वर्षी गवंडी कौलं उतरवायला वर चढला आणि तो खाली ओरडला तेव्हा मामी मटकन बसली. दोन वर्षं घरात कामाला माणसं येत-जात होती. त्यांतल्या एकानं ती उचलली असती तर? सीमेवर कितीही पहारा असता तरी ती बंदूक गेलीच असती, कारण ती आतूनच गेली असती.

म्हणून यादी रद्द करा असं मी म्हणणार नाही. ती जागी ठेवा असं म्हणेन. मृत्यूची नोंद झाली की परवान्याच्या यादीत लगेच कळलं पाहिजे, आणि घरच्यांना पत्र गेलं पाहिजे. शेतकऱ्याला त्याच यादीच्या आधारे घरबसल्या नूतनीकरण मिळालं तर तुमची अर्धी तक्रार मिटेल.

आणि तुमच्या वाड्यावर कोणाकडे वारलेल्या माणसाच्या नावाची बंदूक पडून असेल, तर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायला सांगा. वारसाला आपल्या नावावर परवाना मागता येतो. मामीनं आधी बंदूक जमा केली, मग भावानं अर्ज केला.