पोरं येतात हो, आपणच टिकू देत नाही

"हल्लीच्या पोरांना मर्दानी खेळात रस राहिला नाही." काठी, तलवार, दांडपट्टा या आपल्या जुन्या शस्त्रविद्येबद्दल दर शिवजयंतीला कुठल्या ना कुठल्या स्टेजवरून हे ऐकू येतं. परवा ठाण्यात एका बैठकीत पुन्हा ऐकलं आणि राहवलं नाही, म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

रस नाही म्हणणाऱ्यांनी फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आमच्या सरावाच्या मैदानावर यावं. मिरवणुकीत कुणाच्या तरी हातात लांब, लवचिक पात्याचा दांडपट्टा गरगरताना पाहिलेला असतो, त्याचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर फिरून झालेला असतो, आणि सकाळी सातला फाटकाशी पाच-सहा नवे चेहरे उभे असतात. 2024 च्या शिवजयंतीला दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला तेव्हा तर विचारू नका, काठ्या पुरेनात. कोण येतं? घणसोलीची कॉलेजची पोरं, कळव्याची एक नर्स, घोडबंदर रोडच्या टॉवरमधले पन्नाशीचे बँकवाले काका, नवरा-बायको जोडीनं. सगळे आपापल्या हौसेनं, झोप मोडून आलेले. आणि एप्रिल उजाडेपर्यंत त्यातला एखादाच उरतो. बाकीचे कुठे गेले हे कुणी विचारत नाही. "झेपलं नसेल" म्हणून आपण मोकळे.

झेपलं नाही म्हणून गेलेले फार थोडे असतात. बाकीच्यांना आपण घालवलंय, आणि ते कसं, हे मी जवळून पाहत आले आहे.

आपल्याकडे पहिल्या दिवशीच्या माराला लाडानं "प्रसाद" म्हणतात. नवा पोरगा काठी धरतो ती जीव खाऊन, मुठी आवळून, अंगठा काठीवर ताठ ठेवून. समोर एखादा चार वर्षं मुरलेला दादा. तो साधाच वार घालतो, काठीवर काठी बसते, घसरत खाली येते आणि थेट बोटांच्या पेरांवर. पोरगा हसतो. सगळ्यांसमोर कळवळायचं नसतं म्हणून हसतो. हात पाठीमागे नेऊन बोटं चोळतो. दादाही हसतो, "असू दे रे, सवय होईल." पुढच्या रविवारी त्याचा मेसेज येतो, ऑफिसचं काम निघालं. ते काम मग कधीच संपत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: आम्हीसुद्धा असाच मार खाऊन शिकलो. शिकलात, मान्य. पण तुमच्याबरोबर मार खाऊन जे घरी गेले ते आज हे सांगायला इथे नाहीत, त्यामुळे मारानंच माणूस घडतो हा तुमचा हिशेब जरा एकतर्फी आहे. शिवाय ज्याला चार वर्षांनंतरही नव्या माणसाच्या पेरांपाशी आपली काठी थांबवता येत नाही, त्याचा हात तयार झालाय असं मी तरी म्हणणार नाही. वार घालणं दोन महिन्यांत येतं. तो अंगाला टेकायच्या आत रोखणं, ही खरी विद्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. हा खेळ वाढला कोल्हापूरच्या तालमींत, पेठापेठांत. तिथला पोरगा तालमीत यायचा तेव्हा तो नवा नसायचाच. चुलता तिथे घुमलेला, आजोबा वस्तादांच्या पंगतीतले, घर दोन गल्ल्या सोडून. सकाळी हातावर फटका बसला तर संध्याकाळी वस्ताद दारावरून जाताना विचारायचे, "काय रं, हात बघू." माराच्या मागे एवढी सगळी ओळख उभी असायची. ठाण्यात आणि नवी मुंबईत यातलं काय आहे? सिडको 1970 साली स्थापन झाली. नवी मुंबई हे शहरच बाहेरून आलेल्या माणसांचं. नेरुळच्या पंधराव्या मजल्यावरून येणाऱ्या पोराला मैदानावर कुणी ओळखत नाही. त्याची भाषा कदाचित मल्याळम असेल. तालमीतला मार आपण जसाच्या तसा उचलून आणला आणि दारावरून जाताना विचारणारे वस्ताद मात्र तिथेच राहिले.

म्हणजे जे तिथे आपोआप व्हायचं ते इथे कुणीतरी मुद्दाम करायला हवं.

माझ्या ओळखीचे काही जण नेरुळला युरोपीय पद्धतीची दोन हाती तलवार खेळतात. अधूनमधून आम्ही एकत्र सराव करतो. (त्यांच्याकडे जाळीदार मुखवटे आणि जाड जाकिटं, आमच्याकडे टी-शर्ट. पहिल्यांदा दोन्ही बाजूंना एकमेकांची दया आली होती.) त्यांच्याकडून कळलं म्हणून मी अमेरिकेतल्या सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझमबद्दल वाचलं. 1966 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत, एका घराच्या परसातल्या पार्टीतून सुरू झालेली संस्था. मध्ययुगीन पोशाख, चिलखतं, आणि वेताच्या तलवारींनी खरीखुरी झुंज. वेतच का? तो सहसा फुटून टोकदार होत नाही. आपल्या फरी-गदक्यात चामडं चढवलेली छडी आणि छोटी ढाल असते, तेही सरावात माणूस शाबूत राहावा म्हणूनच. दोन टोकांच्या माणसांना सुचलं ते एकच.

पण मला भावलं ते वेगळं. त्यांच्याकडे नव्या माणसांसाठी एक स्वतंत्र पद असतं, शॅटलेन. त्या माणसाचं कामच हे: नवा कोण आला ते बघायचं, त्याला चार जणांशी ओळख करून द्यायची, पहिल्या कार्यक्रमाला घालायला कपडे उसने द्यायचे. उसन्या कपड्यांचा साठाच ठेवलेला असतो. चिलखतसुद्धा बऱ्याच ठिकाणी सुरुवातीला उसनं मिळतं. आणि झुंजीत वार लागला की नाही हे पंच ठरवत नाही, ज्याला लागला तोच सांगतो. म्हणून किती जोराचा वार "लागला" म्हणायचा, हे नव्याला आधी शिकवावं लागतं. जुना खेळाडू सांगून, विचारून, हलक्यापासून सुरू करत त्याच्या चिलखतावर वार देतो. हा हलका, हा मोजायचा, हा फाजील. तिथेही मार आहेच. पण तो विचारून आहे.

तिथे सगळं आलबेल असेल असं मी म्हणत नाही. माणसं आहेत म्हणजे कंपू आले, रुसवेफुगवे आले. पण नव्याची जबाबदारी कुणाची, या प्रश्नाला तिथे निदान उत्तर आहे. आपल्याकडे उत्तर येतं, "सगळ्यांची." सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही.

म्हणून आम्ही मैदानावर जोडीदार नेमायला सुरुवात केली. नव्याला पहिले सहा रविवार एक ठरलेला माणूस. वस्ताद नाही, मी नाही, ज्याला स्वतःला येऊन वर्षही झालेलं नाही असा माणूस. जुन्यांना हे रुचलं नाही. कच्च्याच्या हाती कच्चा दिला तर दोघे बिघडतील म्हणाले. मला वाटतं उलट आहे, आणि याला पट्ट्याचंच उदाहरण देते.

दांडपट्ट्याचं पातं लांब आणि लवचिक. मूठ तलवारीसारखी नसते. कोपराखालचा हात झाकणारा लोखंडी खोबळा असतो, त्यात हात सारायचा, आत आडवी दांडी असते ती मुठीत धरायची. मागे पट्टी हाताला आवळून बसते. हात आत गेला की मनगट गेलं म्हणून समजा, ते वळतच नाही. आणि नवा माणूस नेमका मनगटानं फिरवायला जातो, कारण काठी तो तशीच फिरवत आलेला असतो. दहा मिनिटांत हाताला रग लागते, पट्टी कातडीला काचते, पातं जमिनीवर आपटतं. वार खांद्यातून यायला हवा, कंबर वळायला हवी, पाय त्याच्या आधी निघायला हवा. वस्तादांना हे इतकं अंगवळणी पडलंय की ते सांगतात, "मोकळा सोड हात." मोकळा म्हणजे काय, हे त्या पोराला कळत नाही. आठ महिन्यांपूर्वी त्याच जागी अडकलेली मुलगी मात्र सांगते, "मनगट विसर. कोपरानं दार ढकलायचंय असं समज." आणि पोराचं पातं वर उठतं. तिला अजून आठवतंय की अडतं कुठे. आपल्याला ते आठवत नाही.

बरं, पट्ट्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. "सहा महिने पट्ट्याला हात लावायचा नाही" हा नियम मला अर्धाच मान्य आहे. फिरवायचा नाही, अगदी बरोबर. पण पोरगं पट्टा बघून आलंय. पहिल्याच दिवशी त्याला खोबळ्यात हात घालू द्या, वजन कळू द्या, जागेवर उभं राहून पातं लवतं कसं ते बघू द्या. मग खुशाल काठी द्या आणि महिनोन् महिने पवित्रे घोटून घ्या. कशासाठी घोटतोय हे त्याला ठाऊक असेल. पट्ट्यानं लिंबू कापायची घाई झालेली पोरंही मग जरा दमानं घेतात.

इतिहासाची तोंडी परीक्षा हा आणखी एक छंद. कोपरखैरणेच्या एका मुलाला आमच्यातल्या एकानं पहिल्याच दिवशी विचारलं, "प्रतापगडाची तारीख सांग." तो गप्प. "जिवा महाला कोण ते तरी?" पोरगा लाल झाला. 10 नोव्हेंबर 1659 ही तारीख त्याला कळायलाच हवी, सय्यद बंडाचा वार अडवणारा जिवा महालाही कळायला हवा, पण इथे येऊन कळेल की! दारात अडवून विचारायला ही काय पोलीस भरती आहे? मी परीक्षकालाच विचारलं, ठाण्याचा किल्ला कुठे आहे? म्हणाले, घोडबंदरला. तो घोडबंदरचा झाला. ठाण्याचा किल्ला म्हणजे आपलं मध्यवर्ती कारागृह, जो मराठ्यांनी 1737 साली पोर्तुगीजांकडून घेतला आणि ज्याच्यावरून साहेब रोज स्कूटरनं जातात. त्यानंतर परीक्षा बंद झाली.

"ताई, तलवार किती किलोची असायची?" हा प्रश्न तर दर वेळी. बहुतेकांना वीस-तीस किलो ऐकायचं असतं. हसू नका. एका हाताची तलवार असते किलोभराची, थोडी इकडेतिकडे. हे सांगण्यापेक्षा किलोभराची बोथट तलवार हातात द्या आणि हात समोर ताणून दोन मिनिटं उभं राहायला लावा. पुढचं काही बोलावं लागत नाही.

मुलींच्या बाबतीत वेगळाच घोळ. प्रसाद वाटणारे हेच दादा मुलगी समोर आली की काठी अशी घालतात की माशीही उडायची नाही. "हळू रे, मुलगी आहे." त्या कळव्याच्या नर्सनं शेवटी विचारलं, "मला शिकवायचंय का ओवाळायचंय?" मापात, पण खरा वार द्या. त्याहून गरजेचं म्हणजे कपडे बदलायला आडोसा, आणि सोडायला आलेल्या आईला बसायला खुर्ची. एका आईनं चार रविवार कडेला बसून बघितलं आणि पाचव्या रविवारी स्वतः काठी मागितली.

आणि कायद्याचं कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगा हो. नवं पोरगं हौसेनं ऑनलाइन धारदार तलवार मागवतं आणि बॅगेतून मूठ बाहेर काढून ट्रान्सहार्बरच्या लोकलला चढतं. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद धारदार पात्याला शस्त्र कायद्याचे नियम आहेत. शिवाय पोलीस आयुक्तालयाचे मनाई आदेश वरचेवर निघतात, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली, त्यात तलवारी-भाल्यांबरोबर लाठ्यासुद्धा असतात. म्हणून आमच्या काठ्या मैदानावरच राहतात. हातात पाण्याची बाटली घेऊन यायचं, बस्स.

आता "म्हणजे सगळ्यांना डोक्यावर घ्यायचं का?" असं कुणी विचारणारच आहे. नाही. कुणाचा तरी राग काढायला आलेला माणूस दुसऱ्या रविवारपर्यंत ओळखू येतो. "थांब" म्हटल्यावर जो थांबत नाही त्याला एकदा सांगायचं, दुसऱ्यांदा काठी काढून घ्यायची. मग तो नवा असो की दहा वर्षं जुना. अडचण अशी की नव्याची काठी आपण पटकन काढून घेतो आणि जुन्याला "स्वभावच तसा आहे त्याचा" म्हणून पाठीशी घालतो. एका जुन्याच्या स्वभावापायी किती नवे गेले हे मोजायची पाळी आली तर बैठकीत कुणी मान वर करणार नाही.

पंजाबचा गतका 'खेलो इंडिया'च्या युवा स्पर्धेत आला, कलरीपयट्टू आला, मणिपूरचं थांग-टा आलं. आपला मल्लखांबही होता. मर्दानी खेळ नव्हता. त्याला कारणं बरीच असतील. सरकारच्या नावानं बोटं मोडायची असतील तर जरूर मोडा. पण मैदानावर पोरंच टिकत नसतील तर स्पर्धेत उतरवणार कुणाला?

असो. या रविवारी तीन नवे येणार आहेत, दोन ऐरोलीचे, एक बाळकुमचा. जोडीदार ठरलेत. ज्यांची पोरं मोठी झालीत त्यांनी घरी पडलेले क्रिकेटचे जुने हेल्मेट आणि ग्लोव्ह्ज आणून द्या, डाव्या हाताचे जास्त लागतील. आणि दादा लोकांनो, चहाच्या टपरीवर तुमचा रोजचा गोल करून उभे राहाल तेव्हा त्यात तिघांना जागा ठेवा. चहाचे पैसे मी देईन.