चित्राखाली नाव हवंच

सोलापूरची जुनी मिल आणि भुईकोट किल्ल्यावरचा तुमचा लेख आवडला. पण चारही चित्रांखाली फक्त ‘साभार : इंटरनेट’ पाहून वाईट वाटलं. माझ्या वडिलांनी मिलच्या गेटवर पाळी सुटताना काढलेला फोटो एका स्मरणिकेत नावाशिवाय छापला गेला होता. तो अंक त्यांनी शेवटपर्यंत कपाटात जपला, कुणाला दाखवला मात्र नाही.

१९५७च्या कायद्याने छायाचित्राचा कॉपीराइट २०१२च्या दुरुस्तीपर्यंत प्रसिद्धीनंतर ६० वर्षं होता; आता रेखाचित्रासारखाच तोही काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. मुदत संपली म्हणून नाव पुसायचं का? जुन्या छापील चित्रांत बहुधा खाली डावीकडे चित्रकाराचं आणि उजवीकडे छपाईचा ठसा कोरणाऱ्याचं नाव असतं. कडा कापल्या की दोघंही गेले. घरच्या फोटोंच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का असतो, तोही स्कॅन करा. नाव सापडलंच नाही तर ‘छायाचित्रकार अज्ञात’ लिहा आणि फोटो कुणाच्या संग्रहातला ते सांगा.

सोलापुरातल्या १९३०च्या मार्शल लॉचा (लष्करी अंमलाचा) म्हणून एखादा फोटो पुढे आला, तर तो कुठून आला हे कळल्याशिवाय विश्वास कशावर ठेवायचा? कृपया या लेखातल्या चित्रांखालच्या ओळी दुरुस्त करा. शोधायला मी मदत करेन.