एका शब्दात निकाल, कारण विचारायचं नाही

अमेरिकेतल्या फेडरल सर्किट या अपील कोर्टाचा तो रूल 36 (कारण न देता खालचा निकाल कायम करायची मुभा) बघितला की डोकंच फिरतं राव. सरकारी माणूस खात्यातला घोळ उघड करतो, नोकरी घालवून बसतो, मग मेरिट सिस्टम्स प्रोटेक्शन बोर्डापुढे, म्हणजे सरकारी नोकरांच्या तक्रारी ऐकणाऱ्या बोर्डापुढे, हेलपाटे घालतो (त्या बोर्डाकडे 2017 ते 2022 कोरमच, म्हणजे निर्णयाला लागणारे किमान सदस्यच, नव्हते, फायली नुसत्या धूळ खात पडलेल्या), तिथे हरला की वकिलाचे पैसे भरून अपील करतो, एवढाले ब्रीफ, अपेंडिक्स, आणि शेवटी हातात काय, तर केसचं नाव, तीन जजची नावं आणि 'अफर्म्ड (खालचा निकाल कायम), रूल 36 पहा'. झालं! अरे पण का? पुरावा कमी पडला, मुद्दा चुकला, की कोणी नीट वाचलंच नाही? सगळ्याच केसेसमध्ये असं होत नाही, माहितीये, पण ज्याच्या बाबतीत होतं त्याने काय करायचं? बरं, असला निकाल प्रीसिडंट (पुढच्या केसला दाखला) पण नाही, म्हणजे पुढच्या माणसाला उपयोग शून्य. मग घोळ उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा 1989 चा व्हिसलब्लोअर प्रोटेक्शन ॲक्ट काय शोभेला ठेवलाय? आता इतर सर्किटमध्येही, म्हणजे विभागीय अपील कोर्टांतही, अपील करता येतं, 2012 ला तात्पुरती दिलेली सोय 2018 ला कायम केली, तेवढंच काय ते बरं.