तीन मायकल आणि एकशे दहा ताटं

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यासाठी वसईतल्या कॅथलिक शाळेच्या कुठल्याही बॅचची यादी करायला बसा, पहिल्याच पानावर तीन मायकल निघतात. तिघांचं आडनावही बहुधा एकच. परेरा, लोपीस, डिमेलो, डाबरे, घोन्साल्विस, रॉड्रिग्ज अशा मोजक्या आडनावांवर इथल्या वाड्यांचा कारभार चालतो. म्हणून माणूस ओळखायचा गावावरून. गासचा मायकल, भुईगावचा मायकल, नंदाखालचा मायकल. ज्या यादीत गावाचा रकाना नाही ती यादी नव्हे, हौझी. हिंदू मुलांचं बरं असेल असं वाटतं, पण तिकडे पाटील आणि वर्तक आहेतच. मुलींची तर आडनावंच बदललेली. त्यामुळे यादीत आधी माहेरचं नाव, मग सासरचं, मग गाव, मग फोन. हा क्रम चुकला की गिरीजच्या एखाद्या अनोळखी आजोबांना आपण ‘काय रे जाड्या, येतोस ना?’ असा निरोप धाडून बसतो.

मी अशाच एका माजी विद्यार्थी संघाचा खजिनदार आहे. अध्यक्ष भाषण करतो, सचिव पत्र लिहितो आणि खजिनदार डोकी मोजतो. पैसे मोजणं हे त्याचं काम आहे असं लोकांना वाटतं. पैसे असले तर मोजणार ना!

डोकी मोजायच्या आधी मेळाव्याची तारीख ठरवावी लागते, आणि इथेच निम्मे संघ आडवे होतात. जानेवारीत लग्नं. आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांत, आमच्यात सहसा लग्नं लावत नाहीत. ती सगळी तुंबलेली लग्नं नाताळनंतर सुटतात ती उपवासकाळ लागेपर्यंत. उपवासकाळ कधी लागतो ते ईस्टरवर, आणि ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांत कुठेही येऊ शकतो. त्याच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस. तिथून पुढे मटण-मच्छी आणि नाचगाणं यांचं नाव काढलं की फादर चष्म्यावरून बघतात. शिवाय तेव्हा दहावीची परीक्षा, वर्ग अडकलेले. मे महिन्यात मैदान मोकळं, पण दुपारी तिथे पापड भाजून निघतात. जून ते सप्टेंबर वसईत मैदान आणि तलाव यांत फरक करता येत नाही. त्यातच गणपती, नंतर नवरात्र, दिवाळी, मग कार्तिकात निर्मळची जत्रा. मार्गशीर्षातले गुरुवार निम्म्या वर्गाला वर्ज्य. आणि गल्फवाले, कॅनडावाले येतात ते वीस डिसेंबरनंतर. ही सगळी चाळण लावून खाली पडतात २६ ते ३० डिसेंबर हे पाच दिवस. त्यातल्या दोन दिवशी कुणाच्या तरी भाच्याचं लग्न असतंच. उरलेल्या तिनांतला एक निवडायला व्हॉट्सॲपवर मतदान घेऊ नये. मतदान घेतलं की चौथाच दिवस निवडून येतो. तारीख लादावी. शिव्या दोन दिवस पडतात.

परवानगी मात्र लेखी घ्यावी, आणि पत्राच्या प्रतीवर शाळेच्या आवक विभागाचा शिक्का हवाच. फादर तोंडी ‘हो, हो, करा’ म्हणतात ते मनापासूनच, पण मध्ये उन्हाळा येतो, उन्हाळ्यात बदल्या येतात, आणि नव्या फादरांना तुमची तारीख स्वप्नातही दिसलेली नसते. पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: बाक किती हलवणार, लाउडस्पीकर दहाला बंद, आणि आवारात दारू नाही. ही तिसरी ओळ संघाच्या गटावरही टाकावी, कारण आमच्यातल्या काहींच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीचा रंग दुकानातल्या बाटलीपेक्षा जरा जास्तच सोनेरी असतो. सगळी पत्रं झाली की शिपायाला भेटावं. नाताळच्या सुट्टीत तो गावी जातो आणि चाव्या त्याच्याकडे असतात. फादरांची सही शंभरदा मिळते, संडासाची चावी एकदाच हरवते.

एक गुपित सांगून ठेवतो. शाळेचं स्नेहसंमेलन त्याच सुमारास असतं. त्यांच्या मंडपवाल्याला गाठून ‘मंडप काढू नकोस, आमचे दोन दिवस धर’ म्हटलं की खर्च निम्म्याच्या आसपास येतो. उभारणी आणि वाहतूक हाच मंडपाचा खरा खर्च. कापडाचं भाडं किरकोळ. फक्त स्टेजच्या मागची बालवाडीची कागदी फुलपाखरं तशीच राहतात आणि पन्नाशीचे गृहस्थ त्यांच्याखाली उभे राहून ‘आयुष्याकडे वळून पाहताना’ असं बोलतात.

आता डोकी. केटरर तीन दिवस आधी आकडा मागतो. त्याच्या भाषेत गॅरंटी. एकशे दहा म्हणालात तर ऐंशी आले तरी एकशे दहाचे पैसे. माझं सूत्र असं आहे: ज्यांनी पैसे भरले त्यांतले दहातले नऊ येतात. ‘नक्की येतो’ म्हणणाऱ्यांतले निम्मे. ‘बघतो’ म्हणणाऱ्यांतले चौथा हिस्सा. म्हणजे साठ जणांनी भरले, पन्नास ‘नक्की’ आणि चाळीस ‘बघतो’ असतील, तर चोपन्न, पंचवीस आणि दहा मिळून एकोणनव्वद. त्यात शिक्षक, फादर, सिस्टर, गायनवृंद, साउंडवाला, शिपाई असे बारा मिळवा, झाले एकशे एक. वरचे नऊ हे ‘मला जमणार नाही रे’ असं कळवून बायकामुलांसकट हजर होणाऱ्यांसाठी. हाताचा अंगठा पाठवणाऱ्यांना मी कुठल्याच खात्यात धरत नाही. त्या अंगठ्याचा अर्थ ‘येतो’, ‘वाचलं’ आणि ‘फोन खिशात असताना दाबला गेला’ यांतला कुठलाही निघतो.

माणशी आठशे घेतले तर पाचशे ताटाचे आणि तीनशेत मंडप, खुर्च्या, साउंड, शिक्षकांच्या भेटी. शंभर माणसाला दहा किलो तांदूळ आणि वीस-बावीस किलो चिकन पुरतं, शेजारी पोर्क असेल तर. सोरपातेल, म्हणजे व्हिनेगरमधलं पोर्क, आदल्या दिवशीच शिजवायला सांगावं. व्हिनेगर आत मुरायला एक रात्र लागते, ताजं सोरपातेल नुसतंच आंबट लागतं. पण पदार्थापेक्षा चमच्याची काळजी जास्त. पोर्कचं पातेलं टेबलाच्या एका टोकाला, शाकाहारी दुसऱ्या टोकाला, मध्ये चिकन, अशी मांडणी कितीही शास्त्रशुद्ध करा. पहिल्या वीस मिनिटांत पोर्कचा चमचा चिकनमध्ये जातो, चिकनचा डाळीत, आणि डाळीचा कुठेच नसतो. वर्गातला जैन मित्र मग नुसती काकडी खाऊन हसत राहतो. उपाय साधा आहे: पोर्कच्या चमच्याच्या दांड्याला लाल रिबन बांधायची आणि दुसरं टोक पातेल्याच्या कडीला. हातभर रिबन ठेवावी. चमचा ताटापर्यंत पोचतो, शेजारच्या पातेल्यापर्यंत पोचत नाही.

निमंत्रणात वेळ लिहितानाही डोकं चालवावं लागतं. विद्यार्थ्यांना तीनची वेळ दिली की ते सव्वाचारला येतात. शिक्षकांना तीनची दिली तर पावणेतीनला येऊन रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसतात, वीस वर्षांपूर्वी पहिल्या तासाला बसायच्या तशाच. म्हणून बाईंना आणि सरांना साडेचारची वेळ द्यायची आणि प्रत्येकासाठी गाडीवाला एक विद्यार्थी नेमायचा. ऐंशीच्या पुढच्या शिक्षकांची खुर्ची स्टेजजवळ हवी, पण स्पीकरसमोर नको, नाहीतर कानातलं मशीन शिट्ट्या मारतं. जुन्या मुख्याध्यापक फादरांना शोधणं हे वेगळं काम. वसई धर्मप्रांत झाला १९९८ साली. त्याआधी आम्ही मुंबईच्या महाधर्मप्रांतात होतो, म्हणजे तेव्हाच्या फादरांची बदली पुढे कुलाब्यापासून कुठेही झालेली असायची. १९९८ नंतरच्या बॅचना मुख्याध्यापक बहुधा धर्मप्रांतातच सापडतात. जुन्या बॅचना मात्र लोकलने जावं लागतं.

भेटवस्तूंबद्दल माझं मत कडवट आहे. डॉन बॉस्को या इटालियन फादरांच्या माजी विद्यार्थ्यांनी तुरीनला २४ जून १८७० रोजी जमून त्यांना कॉफीचे कप भेट दिले होते. डॉन बॉस्कोंनी स्थापलेल्या सालेशियन संघाच्या माजी विद्यार्थी चळवळीचा आरंभ तिथे धरतात. कप! म्हणजे रोज वापरायची वस्तू. आणि आपण देतो फायबरची पारदर्शक ढाल, तीवर शिक्षकांचं नाव चुकलेलं. बाईंच्या शोकेसमध्ये अशा ढालींची शाळाच भरलेली असते आणि त्यांच्या नावाच्या स्पेलिंगचे तीन प्रकार तिथे गुण्यागोविंदाने नांदतात. चादर द्या, थर्मास द्या, नाहीतर सुकेळ्यांचा पुडा द्या. ढाल नको.

छातीवरचे बिल्लेही जातीने बघावेत. अक्षर एवढं मोठं हवं की चष्मा न काढता, न घालता, दोन हातांवरून वाचता यावं. नाव शाळेतलं, गावासकट. पद, कंपनी, डॉक्टर, इंजिनियर काही नको. बिल्ला असूनही बाई तुम्हाला तुमच्या थोरल्या भावाच्या नावाने हाक मारणार. दुरुस्त करू नये. भावाचे मार्क जास्त असतील तर मुळीच करू नये.

कार्यक्रमाचा क्रम सूर्य ठरवतो. डिसेंबरात वसईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून साडेचारला मिस्सा (फादर चालवतात ती सामुदायिक उपासना), पावणेसहापर्यंत फोटो, मग हजेरी आणि भाषणं, मग जेवण. फोटो जेवणानंतर ठेवणारे पुढे आयुष्यभर काळोखातल्या पांढऱ्या शर्टांचा फोटो बघतात. पहिली रांग खुर्च्यांवर, मधोमध शिक्षक. दुसरी उभी. तिसरी बाकावर. शाळेचा बाक तीन मुलांचा असतो, म्हणजे आत्ताच्या मापाने दीड माणसाचा, तेव्हा बाकावर दोघंच चढवावेत, तेही भिंतीच्या बाजूने. ‘कोण राहिलंय?’ असं विचारू नये. राहिलेला उत्तर देत नाही, तो संडासाच्या चावीच्या शोधात असतो.

मिस्सेत सगळ्यांत जोखमीचा कागद म्हणजे मृत सहाध्यायींची यादी. ती प्रार्थनेत मोठ्याने वाचतात. गासचा मायकल दोन वर्षांपूर्वी देवाघरी गेला, पण कागदावर नुसतं ‘मायकल’ लिहिलेलं असेल, तर भुईगावचा मायकल तिसऱ्या बाकावर बसून स्वतःच्या आत्म्याला शांती मिळो म्हणून मनोभावे प्रतिसाद देतो. म्हणून प्रत्येक नाव दोघांकडून पक्कं करायचं, त्यातला एक त्याच गावचा हवा. ‘असं ऐकलंय’ हा पुरावा धरू नये. बाकी मिस्सेची काळजी नको. वर्गातले जोशी आणि पाटील ‘कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे’ हे आमच्यापेक्षा अचूक जाणतात. दहा वर्षं शेवटच्या बाकावरून तेवढंच नीट पाहिलेलं असतं.

भाषणांसाठी शाळेची पितळी घंटा मागून घ्यावी. दोन टोल म्हणजे आवरा, तीन म्हणजे बसा. पन्नाशीतला उद्योजकही तिसऱ्या टोलाला वाक्य अर्धं सोडून खाली बसतो. पायच बसतात त्याचे.

आता खरा विषय, जो कुणी वाचत नाही. संघ नोंदवायचा तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात माणसं लागतात, आणि महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद. सात माणसं मिळतात. त्यांच्या सह्या एकाच दिवशी मिळत नाहीत. नंतर कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट. तो राहिला की कागदोपत्री जुनाच अध्यक्ष चालू राहतो, तो न्यूझीलंडला स्थायिक झाला तरी. देणगीचं त्याहून अवघड. दुबईतल्या मित्राचा पासपोर्ट भारतीय असेल तर त्याचे पैसे बिनघोर घ्यावेत. पण टोरंटोवाल्याने कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) दाखवलं तरी कायद्याच्या नजरेत तो परदेशी स्रोत. परदेशी देणग्यांच्या २०१० च्या एफसीआरए कायद्याची नोंदणी नसेल तर त्याची देणगी घेता येत नाही. नोंदणी असली तरी पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेत उतरायला हवेत. म्हणून परदेशातल्या मित्राचा फोन आला की मी तब्येत विचारायच्या आधी पासपोर्ट विचारतो. मैत्री टिकते, ऑडिटरही टिकतो.

वर्गणी स्वतःच्या मोबाइलवर घेऊ नये, संघाच्या खात्याचा क्यूआर छापून लावावा. खजिनदाराच्या खात्यात साठ जणांचे आठशे आठशे आले की तो त्याचा धंदा वाटतो, आणि मार्चमध्ये समजूत घालत बसावं लागतं. क्यूआरखाली मोठ्या अक्षरात लिहावं: ‘टिपेत नाव आणि गाव टाका.’ लोक टाकतात. ‘जेवण’ असं टाकतात. ‘ऑल द बेस्ट’ टाकतात. एकाने नुसता केकचा तुकडा टाकला.

बँकेचं पासबुक आणि माझी यादी आता समोर आहे. एकशे दहा ताटांपैकी एकशे सात लागली, बाक मोजून परत गेले, सोमवारच्या प्रार्थनेसाठी हॉल मोकळा आहे. हिशोबात एकच नोंद अडली आहे: २७ डिसेंबर, आठशे रुपये, मायकल. गाव नाही. भुईगावचा म्हणतो माझे, नंदाखालचा म्हणतो माझे. गासच्या मायकलच्या बायकोचाही फोन आला, म्हणाली, दादा, त्यांच्या नावाने मीच भरलेत.